बोट कापेल!

आमच्या बॉटनी लॅबमध्ये किस्से बुरशीसारखे वाढतात. ओलावा लागतो फक्त, आणि तो आमचे हेडसर पुरवतात!

मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, त्या दिवशी ब्लेड आणि सूर्यफुलाचं ताजं खोड मागितलं. खोडाचा पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा, एवढं साधं प्रॅक्टिकल. सरांनी कपाटाला कुलूप लावलं. "ब्लेड नको. बोट कापेल!" कधीतरी एका मुलाचं कापलं होतं. तेव्हापासून तयार स्लाइड बघायच्या, आकृती काढायची, घरी जायचं.

त्या स्लाइड माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. नांदूरघाटहून जीपनं येणारी रुक्मिण बराच वेळ डोळा लावून बसली.

"मॅडम, ह्यातलं जितं कोणतं हाय?"

"काहीच नाही."

सर मागून ओरडले, "मूल ऊती जिवंत असते! पुस्तकात आहे!"

"झाडातली, सर. ही माझ्या जन्माआधी मेलीय!"

आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. लई शांतता होती.

*

लॅबमधले शिपाईमामा एकदा माझं लेक्चर ऐकत उभे होते. झाडाच्या जलवाहिनीतल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात, तरी पाणी वर जातं ते त्यांच्यातूनच, असं मी सांगत होते.

मामांनी खुर्चीत पेंगणाऱ्या सरांकडं बघितलं.

"मेल्या तरी डूटीवर हायत म्हना की!"

*

शेवटी मीच ब्लेडचं पाकीट आणलं. सर मीटिंगला गेले, की आमचा सराव. बाकीच्यांचे काप भाकरीएवढे जाड. मायक्रोस्कोपमध्ये नुसता अंधार. रुक्मिणीचा काप मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखा!

"कुठं शिकलीस गं?"

"आईबरुबर ऊस तोडाया जाते ना, मॅडम. हात बसलाय."

*

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तयार स्लाइड बाजूला सारल्या आणि ताजं खोड टेबलावर ठेवलं. काप नाही, तर मार्क नाहीत. पहिली पाळी रुक्मिणीची.

सर मध्ये पडले. "आम्ही मुलांच्या हातात ब्लेड देत नाही, मॅडम."

"बरं. मग तुम्ही घ्या काप. मी तिला प्रश्न विचारते."

सरांनी चष्मा पुसला. खोड धरलं. ब्लेड धरलं. हात थरथरायला लागला. थांबले, पुन्हा धरलं.

रुक्मिणीनं अलगद हात पुढं केला.

"द्या इकडं, सर. बोट कापंल!"