तळघरातलं खमीर

नवरा गेल्यावर चार महिन्यांनी मी बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागले. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, शाळांमध्ये जागा नव्हती आणि इथे होती. नागपुरात, सक्करदऱ्यातल्या शेजाऱ्यांना सासूबाई ‘औषधांच्या कंपनीत आहे’ असं सांगायच्या. मी ते दुरुस्त केलं नाही. त्या काळात मी फारसं काहीच दुरुस्त करत नव्हते. सकाळी उठायचं, मुलीचा डबा भरायचा, बस, काम, परत बस. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. जेवायची वेळ झाली की जेवायचं.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. कारखाना कामठीच्या वाटेवर, लहानसा, पत्र्याच्या दोन शेड आणि खाली एक जुनं दगडी तळघर. आमची बिअर हलकी, थोडी कडवट, आणि शेवटी भाजलेल्या पावासारखा वास. मी तपासणीपुरता घोट तोंडात घेऊन थुंकत असे. शहरातल्या बारमध्ये तिला कोणी विचारत नव्हतं. तिथे मोठ्या कंपन्यांची कडक बिअर येऊ लागली होती आणि गिऱ्हाईक एवढंच विचारायचं, ‘चढते का?’ आमचा माल जायचा तो छावणीच्या कँटीनला. तिथल्या जुन्या अधिकाऱ्यांना नेमकी हीच चव हवी असे. त्या एका गिऱ्हाइकावर कारखाना उभा होता.

ती चव खमिराची होती. बिअर बनवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. ते सांगायचे, जव कोणीही विकत घेईल, पाणी कन्हान नदीचं, ते सगळ्या नागपूरचं. आपलं स्वतःचं म्हणावं असं फक्त खमीर. दह्याचं विरजण जपतात तसं ते एका घाण्यातून काढून पुढच्या घाण्यात घालायचं, असं वीसेक वर्षं चाललं होतं.

हे खमीर सांभाळायचे तळघरातले काका. पन्नाशीचे असतील. मे महिन्यातही स्वेटर आणि गमबूट घालून खाली उतरायचे, बर्फाच्या पाण्यात खमीर धुवायचे आणि स्टीलच्या मोठ्या डब्यांत भरून ठेवायचे. डब्याचं झाकण जरा तिरपं दिसलं तरी ओरडायचे, “झाका ते! लेकराले उघडं टाकून जाते का कोणी?” मला आठवड्यातून दोनदा चमचाभर नमुना काढून द्यायचे, तोही स्वतःच्या हातानं.

तळघरातली पाचही माणसं बौद्ध घरांतली होती. ते काम गारठ्याचं आणि वासाचं, वरची माणसं ते घेत नसत. दसऱ्याला ही पाचही जणं सुट्टी घेत. दीक्षाभूमीवर गर्दी लोटलेली असे, बाहेरगावचे नातेवाईक घरात मुक्कामाला असत, पाणी वाटायचं काम यांच्याकडे असे. त्या वर्षी नवमीला काका पहाटेच आले, खमीर धुऊन डबे भरले आणि तळघराची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

“बाई, दोन दिवस कोणाले खाली उतरू नका देऊ. दसरा झाला का मी पहाटेच येतो.”

मी चावी खणात टाकली.

नवमीला दुपारी यंत्रांची पूजा असायची. बाटल्या धुण्याचं यंत्र, बुचं बसवण्याचं यंत्र, बॉयलर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पंचामृत. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. मी तिथे असले की बाटल्यांच्या विभागातल्या बायका गप्प होत, आणि त्यांना गप्प व्हावं लागू नये म्हणून मी प्रयोगशाळेचं दार लावून बसले होते. मिस्त्री दारात आला. यंत्रांची देखभाल त्याच्याकडे होती. मागे दोन बायका, एकीच्या हातात ताट.

“बाई, तळघराची चावी द्या ना जी. तिथले सारे गेले. त्यांच्या टाक्या काहून उपाशी ठेवाच्या?”

“आपल्याच घरची माणसं होत ना,” ताटवाली म्हणाली. “त्यांच्याकडून आमी दोन फुलं वाहून देतो.”

दुसरी हळूच म्हणाली, “अवं, त्यायले हे चालते तरी का?”

“यंत्राले चालते ना, तेवढं बस,” मिस्त्री म्हणाला, आणि तिघंही हसली.

मला काकांचं बोलणं आठवलं होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल, नाहीतर बरोबर खाली जाऊन उभं राहावं लागेल, हळदकुंकवाच्या ताटाशेजारी. मी खण उघडला आणि चावी दिली. अर्ध्या तासानं मिस्त्रीनं ती परत आणून दिली, सोबत द्रोणात प्रसाद. मी प्रसाद खाल्ला.

दसऱ्यानंतर काका आले. त्याच दिवशी तीन टाक्यांत खमीर घातलं गेलं. चौथ्या दिवशी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खमिराचे गोल दाणे असतात, एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यामध्ये काड्या होत्या. बारीक, सरळ काड्या, भरपूर. दह्यात असतात तशा. डब्यांची झाकणं उघडून आत पंचामृत शिंपडलं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि खुर्चीवर बसले.

“हे कुठून आलं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

बस, एवढंच. पुढे काय होणार ते मला दिसत होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं दिसत होतं. आठवड्याभरात तिन्ही टाक्या आंबट झाल्या आणि गटारात सोडून दिल्या. मागचं खमीर ठेवलेलं नव्हतं, सगळं त्याच डब्यांतून गेलं होतं. कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, काकांना ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं.

“सण करायला सगळेच्या सगळे जाता, आणि डबे उघडे टाकून जाता!”

“डबे बंद होते, शेठ.”

“मग भुतानं उघडले?”

काका बाहेर आले. मी दोन दारं सोडून बसले होते आणि तापमानाच्या नोंदी करत होते. मिस्त्रीही अंगणातच होता. तो बाटल्यांच्या गाडीची चाकं बघत राहिला. संध्याकाळी काका गमबूट काढून, धुऊन, भिंतीशी लावून गेले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

मी शेठकडे गेले ती आठव्या दिवशी. काय झालं आणि गेले, ते सांगता येत नाही. सकाळी वेणी घालताना मुलगी म्हणाली, आई, तू ऐकतच नाहीस. तेवढंच. चावी मी दिली, पूजा कोणी केली, सगळं शेठना सांगितलं. शेठनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, “पूजेचं नाव बाहेर काढू नका, बाई. माणसं बिथरतील. त्याला यायचं तर येऊ दे, मी काही बोलणार नाही.” मिस्त्रीला त्यांनी काही विचारलं नाही. मलाही काढलं नाही. सूक्ष्मदर्शक दुसऱ्या कोणाला वापरता येत नव्हतं.

शिपायाकरवी निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. रविवारी मी स्वतः इंदोऱ्याला, काकांच्या वस्तीत गेले. काकांच्या बायकोनं दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आता आल्या का जी? फुरसत भेटली?”

“बसू दे वं त्यायले,” आतून काका म्हणाले.

मी बसले. चहा आला. मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. झाकणावर हळद होती. मीच पुसली. आत काही टाकलं असन असं नाही वाटलं.”

“मग शेठसमोर काहून नाही बोललात?” त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात तेच शब्द येत.

“मी बोललो असतो तर म्हणले असते, पाहा, आमच्या पूजेले नावं ठेवून राहिला. तुमी बोलल्या असत्या तर गोष्ट तिथंच खतम होती. चावी तर तुमच्याच खणात होती ना? मी वाट पाहून राहिलो होतो, बाई. आज नाही तर उद्या बोलतील म्हटलं.”

त्यांचा आवाज चढला नाही. बायको दाराशी उभी होती, ती म्हणाली, “आमच्या घरचे लोक तहानलेल्या लोकायले पाणी पाजत होते, आणि इकडे यायले चोर ठरवलं.”

मी म्हटलं, “परत या. शेठ काही बोलणार नाहीत.”

“खमीर कोणाचं आणलं?”

“मोठ्या कंपनीकडून. मास्तर गेले होते.”

“मंग तिथं माह्यं काय काम? ते तर कोणीही धुईन.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी बर्फाच्या कारखान्यात लागलो. थंडीची सवय आहेच.”

सोमवारी मास्तरांनी विचारलं, खमीर कोण धुणार; बाकीचे चौघं काकांचं काम घ्यायला तयार नव्हते. मी धुते म्हटलं. गमबूट मला मोठे होत, दोन जोड मोजे घालायची. पाण्यात पहिली पाच मिनिटं बोटं दुखत, मग दुखायची थांबत. त्याच हिवाळ्यात छावणीच्या कँटीनचं दोन ओळींचं पत्र आलं, तुमच्या मालात आता वेगळं काही राहिलेलं नाही. मास्तरांनी वाचलं आणि मला वाचायला दिलं. त्यानंतर शेठनी कडक बिअर काढून पाहिली, लेबलावर वाघ छापला, पण कडक हवी असलेल्यांनी मोठ्या कंपनीचीच घेतली. दोन उन्हाळे कसेबसे निघाले. मग परवाना विकला गेला आणि शेडमध्ये रिकाम्या बाटल्यांचं गोदाम झालं.

बर्फाचा कारखाना माझ्या बसच्या रस्त्यावरच होता. ती दोन वर्षं मी जाताना उजव्या बाजूला आणि येताना डाव्या बाजूला बसत असे, म्हणजे तो दिसायचा नाही.