बाहेरचा जिना

बदलापूरला शिरगावच्या प्लॉटवर दोन कुटुंबांचं घर बांधायचं ठरलं. खाली धाकटे दीर आणि जाऊ, वर आम्ही दोघं. नकाशा काढायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. खाली जीन्स शिवायच्या मशिनी धडधडत होत्या, वर नकाशेवाल्याचं ऑफिस.

"दो किचन? भाइयों में झगड़ा है क्या?" त्याने विचारलं.

"झगड़ा नहीं है, इसीलिए," हे म्हणाले. जिना बाहेरून हवा, कोणी कोणाच्या घरातून ये-जा करायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

पाया खणण्याआधी हे गेले.

महिना सरल्यावर दीर आणि जाऊ अंबरनाथला माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. दिरांनी नवा नकाशा उलगडला. वरच्या घराच्या जागी गच्ची होती. मला खाली, मोरीशेजारची मागची खोली.

"वहिनी, एकट्या वर कशाला? एका चुलीवर सगळ्यांचं होईल. आणि बाहेरून जिना असला की भाडेकरू ठेवल्यासारखं दिसतं."

त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणून नाही म्हणणं जड गेलं. पण म्हटलं. "दिसू दे, भाऊजी. मी शाळेत शिकवते, कमावते. मी वरच राहणार. माझं दार, माझं स्वयंपाकघर."

"लोक म्हणतील, भाऊ गेला आणि वहिनीला वेगळं काढलं."

जाऊ चहा गाळत म्हणाली, "अहो, म्हणू दे. ताई पुस्तक वाचता वाचता भाजी करपवतात. तो वास वरच बरा."

मला हसू आलं. दुखवट्यातल्या बाईने हसू नये म्हणतात, मी हसले. नवरा गेला की बाईने मागच्या खोलीत सरकावं, हे कोणी ठरवलं?

दिरांनी नकाशा गुंडाळला. मला वाटलं, पटलं. पण आखणीच्या दिवशी प्लॉटवर पोचले, तर गवंड्याने चुन्याच्या फक्कीने सगळ्या खोल्या आखलेल्या. जिना कुठेच नव्हता.

"साहेब नको म्हणाले," गवंडी म्हणाला.

मी फक्कीचं घमेलं उचललं, पदर खोचला आणि बाहेरच्या भिंतीला लागून वाकून रेघ ओढू लागले. शेजारच्या प्लॉटवरची माणसं काम सोडून बघत राहिली. बघू दे.

"वहिनी, रेघ वाकडी जातेय," मागून दीर म्हणाले.

"सरळ करा. पुसायची मात्र नाही."

ते पुढे आले. मग गवंड्याकडून दोरी घेतली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.