बिननावाचा गिलास

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. मला शिकता यावे म्हणून तिने सातवीतच शाळा सोडली. मी बी.ए. झालो तेव्हा तिने लातूरहून सहा स्टीलचे गिलास आणले. प्रत्येकावर माझे नाव कोरून घेतले होते, पुढे 'बी.ए.'ही.

दाजी वारले आणि तिला एचआयव्ही असल्याचे कळले. लातूरच्या दवाखान्यात गावचे कोणीतरी भेटतेच, म्हणून ती गोळ्यांसाठी शिरूर अनंतपाळहून नांदेडला यायची आणि माझ्या खोलीवर टेकायची. मी शाळेत शिक्षक. एकत्र खाण्यापिण्याने हा आजार होत नाही, हे मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होतो. तरी ती गेली की जिभेवर पांढरे चट्टे आले का, हे आरशात बघायचो. शेवटी बाजारातून एक सातवा गिलास आणला आणि तिला त्यातच पाणी देऊ लागलो.

तिसऱ्या खेपेला तिने तो फिरवून पाहिला.

"ह्याच्यावर नाव न्हाई."

"नवा हाय, अक्का."

"हाव. माझ्यासाठीच आणलास जणू." ती हसली. "बी.ए. झालास, लई हुशार झालास."

पाणी पिऊन तिने तो स्वतःच घासला आणि बाकीच्यांपासून लांब पालथा घातला. त्यानंतर ती दवाखान्यातून परस्पर स्टँडवर जाऊ लागली. खोलीवर आलीच नाही.

मी एचआयव्हीच्या तपासणीला गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी संबंध, सुया, रक्त असे सगळे प्रश्न विचारले. सगळ्यांना माझे उत्तर नाही.

"मग भीती कशाची?"

"बहिणीला आहे. ती माझ्याकडे पाणी प्यायची."

बाईंनी पेन खाली ठेवला. "सर, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"हेच."

तपासणीत काही निघाले नाही. तरी रात्रंदिवस तेच. भीती खोटी आहे हे कळत होते आणि ती सोडत नव्हती. अक्काला फोन लावला की तब्येत विचारून ठेवून द्यायचो. मग पत्र लिहिले.

ती. अक्कास सा. नमस्कार.

तो गिलास तुझ्यासाठीच आणला होता. तुला न सांगता तपासणीही केली. काही निघाले नाही. निघणार नाही हे मला आधीच माहीत होते. भीती अजून पुरती गेलेली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पुढच्या तारखेला मी स्टँडवर उभा राहीन. खोलीवर चल. माझ्या नावाच्या गिलासात पाणी पी आणि उरलेले मला दे. मी तो तोंडाला लावायला वेळ लावला तरी गिलास माघारी घेऊ नकोस.

तुझा भाऊ