भेगेत गेलेला चेंडू

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि थोरल्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच बहुधा.

सुरुवात तशी हसण्यासारखी आहे, ती आधी ऐका. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी गोल्फ शिकायला घेतलं. अकोल्यात वकिली बरी चालली होती. एका बड्या अशिलाने बोलता बोलता विचारलं, गोल्फ खेळता का? मी म्हणालो, थोडंफार. आयुष्यात काठी हातात धरलेली नव्हती. म्हणजे खोट्याची सवय तेव्हाही होतीच म्हणा ना.

शिकवणारा माणूस घरातच होता. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तिकडे साहेबलोकांच्या गोल्फ मैदानाची देखभाल बरीच वर्षं त्यांच्याकडे होती आणि बघता बघता ते स्वतःही पक्के खेळाडू झाले होते. गावी येताना सात जुन्या काठ्या घेऊन आले. पातूरजवळ त्यांचं शेत. कपाशी निघाली, पऱ्हाटी उपटून झाली, की मृगापर्यंत वावर रिकामं — तेच आमचं मैदान. चेंडू पडायला जमिनीत तीन डबे पुरलेले आणि प्रत्येक डब्याभोवती खळ्यासारखं गोल सारवलेलं. हिरवळ कुठून आणणार? पण त्या सारवणावरून चेंडू काय सुरेख घरंगळायचा! सारवायची शीतल — दाजींची मुलगी, माझी भाची. तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

दर रविवारी सकाळी शीतल आणि मी, दोघं नवशिके, वावरात उभे. काठी कशी धरायची? बैलाचा कासरा धरतो तशी, दाजी सांगायचे — सुटू नये, आणि आवळूही नये. पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघे सैल, नजर चेंडूवर. माझं सगळं उलट. मी इट्टीदांडू खेळल्यासारखा दणका द्यायचो, ढेकूळ उडायचं आणि चेंडू जागच्या जागी. शिवाय तो कुठे गेला हे बघायला आधीच मान वर.

"वकीलसाहेब, मान काहून वर करून राहिले? आधी मारा तं खरं. मंग पाहा."

शीतल ओढणी कमरेला खोचून यायची, एक श्वास घ्यायची आणि काठी फिरवायची. जोर नाहीच. टक् — एवढाच आवाज. दाजींच्या मिशीखाली हसू दिसायचं. मग बांधावरच्या निंबाखाली ताईची ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. इतकं निवांत सुख मला नंतर कुठे मिळालं नाही, हे अगदी खरं सांगतो.

काळ्या मातीचं तुम्हाला ठाऊक असेल. उन्हाळ्यात ती अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. चेंडू आत गेला की गेलाच. त्यासाठी दाजींचा नियम होता — एक फटका वाढवायचा आणि मागच्या जागेवर जाऊन दुसरा चेंडू मारायचा. दुसरा नियम त्याहून साधा: या खेळात पंच नसतो, आपले फटके आपणच मोजायचे. आणि आपलं आपणच सांगायचं.

त्या मे महिन्यात दाजींच्या जुन्या साहेबांचा नागपूरहून फोन आला. नवशिक्यांना महिनाभर शिकवणार होते, राहणं-जेवण त्यांच्याच घरी. एक जण पाठव म्हणाले. शीतल आठवडाभर हवेत तरंगत होती. बी.ए. झालं की लग्न, हे तिला दिसतच होतं. हा एक महिना तिचा स्वतःचा असणार होता. पण दाजी न्यायाचे कडक. लेक म्हणून झुकतं माप नाही. जो कमी फटक्यांत तिन्ही डबे करील तो जाईल.

मला नागपूरची काय गरज होती? काहीही नाही. पण पोरीकडून हरायचं, तेही दाजींसमोर?

आता सांगतोच. तिसऱ्या डब्याकडे मारलेला माझा चेंडू दोन टप्पे खाऊन सरळ भेगेत शिरला. मी स्वतः पाहिला. दाजी लांब, डब्याजवळ उभे होते. मी पुढे गेलो, खाली वाकलो, खिशातला दुसरा चेंडू हळूच मातीवर ठेवला आणि म्हणालो — सापडला.

शीतल दहा पावलांवर होती.

"मामा, तुमचा चेंडू तं भेगेत गेला. मी पाह्यलं."

दाजी आले. माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा बोलता आलं असतं — एका वाक्याचं काम होतं. मी हसून म्हणालो, उन्हात नजर चुकली असेल तिची. कोर्टात बोलतो त्याच आवाजात.

"मामाले खोटं पाडते? माफी माग."

तिने मागितली. एका फटक्याने मी जिंकलो.

नागपूरला चार दिवस टिकलो. हाताला फोड आले, कंटाळा आला, परत आलो. शीतलने काठ्या पुन्हा हातात धरल्या नाहीत. माझा चेंडू खरंच सापडला होता असं समजूनच दाजी गेले. पुढे कितीतरी वर्षं नांगरटीच्या दिवसांत मला धाकधूक असायची, तो चेंडू वर येईल म्हणून. आला नाही.

आता मी अमरावतीला असतो, शीतलही इथेच दिलेली. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायची रीत आहे. परवा ती दिवाळीला मुलीला घेऊन आली. मी नेहमीसारखा वाकलो, तिच्या पायांना हात लावला. तिच्या मुलीने विचारलं, एवढे मोठे आजोबा तुझ्या पाया काहून पडतात?

शीतलने माझ्याकडे बघितलं.

"रीत हाय, बेटा," ती म्हणाली.

मी तेव्हाही काही बोललो नाही.