दोन नळ्या

बावीस वर्षं प्रशांत डोंबिवलीत घरोघरी पाणी तपासत हिंडला. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, रसायनाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं, की जंतू मारणारं क्लोरीन त्यात शाबूत आहे. नितळच राहिलं, की तो घरच्यांवर डाफरायचा. जीभ त्याची भारी तिखट.

चाळीतल्या केशरबाईंची नात जुलाबांनी गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडे गेला. नळाचं पाणी पिवळं झालं. पिंपातलं नितळच राहिलं.

"पिंप उघडं ठेवता का, आजी?"

"हो रे बाळा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो. दोन दिवस उघडं ठेवलं की जातो. आमची छकुली त्याशिवाय पाणी तोंडाला लावायची नाही." नळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "यातलं चांगलं कुठलं? हे नितळ ना?"

तेवढ्यात छकुलीची धाकटी बहीण आली आणि तिने पिंपात पेला बुडवला.

प्रशांतने तो हलकेच तिच्या हातातून काढून घेतला.

"आजी," तो म्हणाला, "पिवळं चांगलं."