सभामंडपाऐवजी एक खोली

मागच्या वर्षापर्यंत मला कोणी व्यसनी म्हटलं असतं, तर मी जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. पन्नाशी ओलांडलेली मी बाई. गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य, मंगळवारचा उपास कधी न मोडलेली, श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला सगळी भावकी एकत्र आणणारी. रावेरच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यात आमचं गाव. तिथे सगळे मला अक्का म्हणतात. आमच्या घरात दारू सोडाच, तंबाखूची पुडीही कधी आली नाही. मला फक्त कंबरदुखीची गोळी लागायची.

बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून मी पडले, तेव्हा डॉक्टरांनी ती पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे कंबर बरी झाली, गोळी मात्र सुटली नाही. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता द्यायचा. एकीच्या दोन झाल्या, मग सकाळ-दुपार-संध्याकाळ. पूजेला बसण्याआधीही एक घ्यायचे. ती घेतली की मन स्थिर व्हायचं, नामस्मरण लागायचं. ती शांतता मला देवीने दिलेली वाटायची. हे लिहिताना आजही लाज वाटते.

याच सुमारास आमच्या भागातल्या एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्यावर खटला झाला. नशेच्या गोळ्या तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांना चोरून पुरवायचा. शेवटी तडजोड झाली आणि भरपाईचे पैसे आमच्यासह तीन गावांच्या ग्रामपंचायतींना मिळाले. त्यांचं काय करायचं हे ठरवायला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. बहुतेकांना देवीच्या देवळापुढे सभामंडप हवा होता, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या सभेला जळगावच्या सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आले होते. हा पैसा उपचारासाठी वापरा, गोळ्यांच्या आहारी गेलेली माणसं तुमच्याही गावात आहेत, असं ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी खिशातून एक पाकीट काढून वर धरलं आणि म्हणाले, "हीच ती गोळी."

माझा हात आपोआप कमरेच्या बटव्यावर गेला. तेच पाकीट माझ्याजवळ होतं. कानात नुसता गूं आवाज भरला. समोर डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते. आणि अशा वेळी मी काय करावं? मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्या गावात असली माणसं नाहीत. नशेबाजांसाठी पैसा घालवण्यापेक्षा देवीच्या दारी लागू द्या." टाळ्या वाजल्या. सरपंच नानांनी मात्र निर्णय आठ दिवसांनी घेऊ असं सांगून सभा उठवली.

घरी येऊन मी सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. कोणाला कळायच्या आत आपलं आपण सोडून द्यायचं, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मनुदेवीला नवस बोलायला जाते असं घरी सांगून निघाले. बसमध्येच थंडी भरली. नाक गळत होतं, पोटात पीळ पडत होता, पाय एका जागी ठरत नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी उतरून कशीबशी देवळापर्यंत पोचले, पण आत जाणं झालं नाही. ओटीचं ताट हातातून सुटलं आणि मी पायरीवरच बसले. मनात देवीवर राग आला. इतकी वर्षं तुझं केलं, त्याचं हेच का फळ?

शेजारी माझ्याच वयाची एक बाई येऊन बसली. तिने सांडलेले तांदूळ गोळा केले, मला पाणी पाजलं, माझ्या हातावर आलेला काटा पाहिला आणि हळूच विचारलं, "बहीन, किती दिन व्हयनात गोळी बंद करी?"

मी दचकले. नवऱ्याला जे कळलं नाही, ते या अनोळखी बाईला कसं कळावं? मी नाही म्हणाले. तिने ऐकलंच नाही. ती धुळ्याकडची. तिच्या धाकट्या भावालाही याच गोळ्या लागल्या होत्या. "आम्ही त्याले घरमा कोंडी ठेवा," ती म्हणाली, "लोके काय म्हनतीन म्हनीसन दवाखानामा लई गऊत नही. बाहेर निंघना, एकदम लई गोळ्या खाई लिन्ह्यात. गया तो." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने माझा हात धरला. "तू घर नको जाऊ. दवाखानामा चाल. मी शे ना."

तिने मला आधी गाभाऱ्यात नेऊन देवीपुढे डोकं टेकवायला लावलं, मग रिक्षाने बसथांब्यावर आणि तिथून जळगावच्या गाडीत बसवलं. सगळ्या वाटेने माझी पाठ चोळत होती. दवाखान्यात खोलीत गेले तर समोर तेच डॉक्टर! त्यांनी मला ओळखलं, पण सभेचा शब्दही काढला नाही. "बरं झालं आलात, अक्का. हा आजार आहे, पाप नाही," एवढंच म्हणाले. त्यांचे कागद भरून होईपर्यंत त्या बाईच्या धुळ्याच्या बसची वेळ होऊन गेली होती. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. घाईने बाहेर आले तेव्हा बाकावर फक्त माझं ओटीचं ताट होतं, नीट फडक्यात बांधलेलं.

दवाखान्यात चार दिवस राहिले. घरच्यांना सगळं सांगितलं. आमचे हे म्हणाले, "मला दिसायला हवं होतं." मी घरी परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढची ग्रामसभा होती.

सभेत उभी राहिले. मनात देवीला म्हटलं, माझी अब्रू आता तूच सांभाळ, मला ती पेलत नाही. आणि सांगून टाकलं, "मागच्या सभेत मी खोटं बोलले. ती गोळी मी चार वर्षं खातेय." नाना खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आता कोणीतरी हसेल, कोणीतरी थुंकेल, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

बायकांच्या बाजूने आवाज आला, "मी पण खाते." डोळे उघडले तर माझी सख्खी जाऊबाई उभी होती. एका चुलीवर आम्ही पंधरा वर्षं काढली, देव्हाऱ्यापुढे रोज शेजारी बसलो, आणि दोघींनाही दुसरीचा पत्ता नव्हता. तिच्यामागे केळीचे घड वाहणारे दोन गडी उठले. मग शाळेत खिचडी शिजवणारी म्हातारी, तिला धरून तिची सून. मग नाना. गावचे सरपंच, सगळ्यांसमोर, टोपी हातात घेऊन. "गुडघ्यासाठी," ते पुटपुटले आणि रडू लागले.

पैसा कुठे लावायचा यावर त्यानंतर वाद झाला नाही. आरोग्य उपकेंद्राशेजारी एक खोली उभी राहिली. तिथे नर्सबाई असतात, दर गुरुवारी जळगावहून डॉक्टर येतात, आणि ज्याला दवाखान्यात भरती करायचं त्याच्यासाठी गाडी मिळते. देवळापुढे अजून पत्र्याची सावली आहे.

मला बरं व्हायला सात महिने लागले. मधे एकदा घसरलेही. आता पूजेला बसते तेव्हा मन भरकटतं, कंबर दुखते, जप मधेच तुटतो. तरी आईपुढे बसल्यासारखं वाटतं, कारण तिच्यापासून लपवायचं काही उरलेलं नाही. शरण जाणं म्हणजे काय ते मी इतकी वर्षं पोथीत वाचत होते. गुरुवारी जाऊबाई आणि मी सगळ्यांसमोरून त्या खोलीत जातो, बाकावर नंबर लावतो, आणि नर्सबाईंनी नाव पुकारलं की मोठ्याने "आले" म्हणतो.