आमच्या भावोजींचा घडोबा

देव पावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतः देव तयार करून, त्याला काथ्याची दाढी लावून, वर त्याच्याच नावाने सगळ्या घरादाराला शिव्या घालणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे धाकटे भावोजी. त्यातही गंमत अशी की देव केला तो मातकामाचा आणि हातकामाचा, आणि भावोजींच्या हातांचं म्हणाल तर त्यांनी भिंतीत खिळा ठोकला की खिळा बाहेर राहायचा आणि भिंत आत जायची. एकदा त्यांनी मला भाजी चिरायला म्हणून स्टूल करून दिलं. त्याचे तीन पाय जमिनीला टेकायचे आणि चौथा पाय हवेत राहून आमच्याकडे बघायचा. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "वहिनी, स्टूल बरोबर आहे, तुमची जमीन तपासून घ्या." मुंबईला एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरचं लेबल सरळ लागलंय की नाही हे बघायची त्यांची नोकरी होती. त्यामुळे घरी आल्यावरही त्यांना काहीही दिसलं तरी ते आधी सरळ आहे का ते बघायचे. माझं कुंकू, ओटीवरचं कॅलेंडर, ताटातला बोंबील. बोंबील सरळ नसला तर फिरवून ठेवायचे आणि मगच जेवायला सुरुवात करायचे.

आता हा देव आला कुठून, ते सांगते. ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची केळ्यांची वाडी राजोडीच्या अलीकडे, वाडीत मोठं बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी पाणी साठवायचं आमच्याकडचं तळं. वैशाखात त्याचं पाणी तळाला गेलं की खाली लोण्यासारखी चिकणमाती उघडी पडायची, आणि त्या मातीवर राज्य होतं माझ्या सासूबाईंचं. सासूबाई चुली घालायच्या. आमच्याच नव्हे, पाच गावांच्या. सुकेळ्यांची, म्हणजे केळी सोलून उन्हात सुकवायची, गडबड संपली की बायका बोलवायला यायच्या, आणि सासूबाई लुगड्याचा काचा मारून, माती, भाताचा तूस नि आपली जुनी बादली घेऊन निघायच्या. घातलेल्या चुलीकडे एक डोळा मिटून बघायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि नाकातून एक फुर्रकन आवाज काढायच्या. चूल फारच सुरेख झाली असेल तर म्हणायच्या, "चालेल." त्यापुढची स्तुती त्यांच्याकडे नव्हतीच. माझ्या लग्नात मला बघूनसुद्धा त्या "चालेल" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि मी ते उगाच मनाला लावून घेतलं होतं.

मग गावात गॅस आला. आधी एकाकडे, मग दोघांकडे, मग आमच्याकडे. आमच्या स्वयंपाकघरातली चूल मोडून तिथे कडप्पा बसला, आणि त्या वैशाखात सासूबाईंना बोलवायला कोणी म्हणजे कोणी आलं नाही. त्या बादली धुऊन ओटीवर बसल्या. दोन दिवस बसल्या, आठ दिवस बसल्या. हात मांडीवर ठेवून बसलेल्या सासूबाई मी त्याआधी कधीच पाहिल्या नव्हत्या. बोलणं कमी झालं, जेवण अर्ध्यावर आलं. मी भाजीत मीठ जास्त टाकलं तरी काही बोलेनात, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आईचे हात थांबलेत. काहीतरी करायला हवं." त्यांनी विणायला लोकर आणून दिली. सासूबाई म्हणाल्या, "सुया कशाला? मला काय आजार झालाय?" रंगीत मणी आणले, ते त्यांनी फिलूमावशीच्या कोंबडीला घातले. कोंबडीने खाल्ले नाहीत हा भाग वेगळा.

फिलूमावशी म्हणजे कुंपणापलीकडची आमची शेजारीण. तिचा भाऊ बोटीवर होता. त्याने परदेशातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, अर्धं समुद्राच्या पाण्याने भिजलेलं. ते तिने सुकेळी बांधायला म्हणून आमच्याकडे दिलं आणि भावोजींच्या तावडीत सापडलं. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तुम्ही काय करता ते बोलायचं, फासा टाकायचा, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. भावोजी तीन रात्री ते पुस्तक वाचत होते. चौथ्या दिवशी चहा पिताना भडकून म्हणाले, "वहिनी, ह्यात समुद्राचा देव आहे, विजेचा आहे, लढाईचे तर तीन आहेत. माती मळणारा एकही नाही! मग ह्या लोकांची घरं बांधतं कोण?" आणि तिथल्या तिथे त्यांनी हाताने घडवणाऱ्यांचा देव म्हणून घडोबा काढला.

रविवारी दुपारी जेवणं झाली की ओटीवर खेळ सुरू. फिलूमावशी म्हणाली, "जन्मभर मासळी साफ केली, मी आता राणी होनार." ती राणी झाली आणि तिने पहिला हुकूम सोडला तो सगळ्यांनी पाय धुऊन बसायचा. मी चोर झाले. घरातली थोरली सून म्हणून चौदा वर्षं काढल्यावर आठवड्यातून एक दुपार तरी चोरी करावी असं कोणालाही वाटेल. आमचे हे आरामखुर्चीत घोरत असायचे, म्हणून भावोजींनी त्यांना डोंगराखाली झोपलेला राक्षस करून टाकलं. दोन वर्षं ते राक्षस होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

आणि भावोजी व्हायचे घडोबा. हनुवटीला काथ्या बांधून, कमरेवर हात ठेवून बसायचे. ह्या देवाची तऱ्हा न्यारी. त्याला नारळ नको, हार नको. राणीने फूल वाहिलं तर खेकसायचा, "फूल काय तू केलंस? आपल्या हातचं काय आणलंस ते दाखव!" त्याला फक्त हाताने केलेली वस्तू चालायची, मग ती वाकडी का असेना. नखात माती नसलेला माणूस समोर आला की तो तोंड फिरवायचा. दुपारी उशाला हात घेऊन झोपायचा आणि त्या वेळी जगबुडी आली तरी चालायची नाही. त्याचा मंत्र दोनच शब्दांचा, "परत कर," म्हणजे मोड आणि पुन्हा घडव. मी एकदा शत्रूच्या महालातून सोन्याचा मुकुट चोरून त्याच्या पायाशी ठेवला, तर देव एक डोळा मिटून त्याच्याकडे बघतो काय, नाकातून फुर्र करतो काय आणि म्हणतो, "जोडाचं झाळकाम कच्चं आहे."

सासूबाई कोपऱ्यात बसून हे सगळं तोंड वाकडं करून ऐकत होत्या. भावोजींनी त्यांना राज्यातली मुख्य कारागीर केलं होतं, पण त्या हूं की चूं करीनात. एका रविवारी आम्ही गोष्टीतल्या नदीशी येऊन अडलो. भावोजी म्हणाले, "आई, तू म्हण, मी पूल बांधते. बास, एवढंच म्हणायचं." तशा सासूबाई कडाडल्या, "न बांधता बांधला म्हनू? देवापुढं खोटं बोलायला लावतोस, बाळ्या?"

झालं! आमचा खेळ आठवडाभर नदीकाठी अडकला. पुढच्या रविवारी बघते तर मागच्या दारी, मोरीच्या पाण्याच्या पाटावर, वीतभर उंचीचा मातीचा पूल. तीन कमानी. "आता ने तुझी मानसं," सासूबाई म्हणाल्या. राणीसकट आम्ही सगळे दोन बोटांनी चालत पुलावरून गेलो. तेव्हापासून राज्यात नियमच झाला, कारागिराने केलं म्हटलं की ते खरोखर झालं पाहिजे. फासासुद्धा त्यांनीच केला, वीस बाजूंचा, भाजून. एका बाजूला माती जरा जास्त बसली आणि तो दर वेळी सतरावरच पडायला लागला. सतरा आले म्हणजे काम फत्ते. आमच्या राज्यात त्यापुढे कधी कोणी हरलं नाही. पुस्तकातला ड्रॅगन आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हा कोन?" भावोजी म्हणाले, "पंख फुटलेली घोरपड. तोंडातून आग काढते." चार दिवसांत घोरपड तयार, आणि तिच्या शेपटीखाली एक भोक. फिलूमावशीने विचारलं, "बाय, हे कशाला?" "धूर कुठून जाईल?" सासूबाई म्हणाल्या. "आग काढायची तर हवा खेळती नको?" पोटात निखारा टाकल्यावर त्या घोरपडीने तोंडातून अशी काही आग काढली की राणी किंचाळून सिंहासनावरून, म्हणजे पाटावरून, पडली.

सासूबाई जेवायला लागल्या, मिठावरून मला बोलायला लागल्या. पण एक गोष्ट त्या करीनात. किल्ला केला, तोफा केल्या, चूल मात्र नाही. राजवाड्याला चूल हवी म्हणून राणीने तीनदा हुकूम काढला. सासूबाई म्हणायच्या, "चूल नाय घालनार. ज्याला नको त्याच्यासाठी कशाला घालायची?" आणि हात पुन्हा मांडीवर. भावोजींचा चेहरा एवढासा व्हायचा. मला म्हणाले, "वहिनी, पूल, घोरपड हा सगळा खेळ झाला. चूल तिची खरी. ती घातली तर आई परत आली."

मग पुढच्या वैशाखातल्या एका रविवारी त्यांनी दाढी घट्ट बांधली आणि घडोबा रुसला. "राज्यातली शेवटची चूल मोडली," देव म्हणाला, "माझं इथे काय काम? मी मातीखाली झोपायला चाललो." आणि खरंच ओटीवर आडवे झाले. राणी हात जोडते, मी चोरलेलं सगळं परत करते, देव ऐकेल तर शपथ! सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. तिकडूनच म्हणाल्या, "उठ रे. कोनाला हवी हाय चूल?"

देवाने डोळे न उघडता सांगितलं, "मला."

बस्स, एवढंच. शुक्रवारी सकाळी बादली जागेवर नव्हती. मी धावत बावखलाकडे गेले, तर ही बाई पासष्टीची, गुडघाभर चिखलात उभी. मला बघून म्हणाली, "बघत काय बसलीस? तूस आन!"

रविवारी परसात नारळाखाली चूल उभी. चूल आणि शेजारी तिच्याच धगीवर चालणारा वैल, कडा अशा गोल की हात फिरवत राहावा. सगळे जमलो. आमचे हेसुद्धा जागे झाले. घडोबा पुढे आले, एक डोळा मिटला, नाकातून फुर्र केलं. आणि इथे त्या माणसाने घात केला. सासूबाईंच्या चुलीची ख्याती अशी, की वाळल्यावर त्या स्वतः चुलीच्या दोन भिंतींवर दोन पाय देऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आता हत्ती आना." भावोजींना वाटलं, देवाने परीक्षा घ्यायची तर तशीच घ्यावी. पण चूल शुक्रवारची, आज रविवार! वाळायला आठ दिवस लागतात हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं, ह्या मातीच्या देवाला सोडून. मी "भावोजी, अहो" म्हणेपर्यंत पंच्याऐंशी किलोचा घडोबा चुलीवर चढला आणि घोट्यापर्यंत आत गेला. मागची भिंत फस्सकन बसली.

भावोजी दाढीसकट चुलीत उभे, चेहरा असा की आता रडतील. वर्षभराची खटपट त्यांनी स्वतःच्या पायांनी तुडवली होती. सासूबाईंचा एकेक हात कमरेवर गेला.

"मेल्या! ओली हाय ती! डोळे फुटले तुझे? लेबलं चिकटवतोस की शेन थापतोस? देव म्हने! तुझा देव गेला खड्ड्यात!"

"तो खड्ड्यातच आहे, आई," भावोजी हळूच म्हणाले.

मग जी सुटली बाई! बापजाद्यांपासून ते त्या चार पायांच्या स्टुलापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. अर्धा तास. फिलूमावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "देवा मारिया, बाय पयल्यासारखी बोलली गो!" आणि बोलणं संपायच्या आत सासूबाई खाली बसून मागची भिंत पुन्हा थापायला लागल्या होत्या. "पानी दे," "तूस दे," "उजेडातून बाजूला हो." फिलूमावशीने तेवढ्यात हिय्या करून विचारलं, "बाय, माझ्या पुतनीचं लगीन हाय. मांडवात चार चुली घालशील? पाचशे मानसांचं जेवन गॅसवर कसं व्हायचं?" सासूबाईंनी मान वर केली नाही. "पाच लागतील," म्हणाल्या. "चारात तुझं मटन शिजत नाय."

पुढे लग्नांच्या चुलींचं बोलावणं त्यांना शेवटपर्यंत येत राहिलं. परसातली ती चूल त्यांनी नीट केली, पण दोन्ही भिंतींवरची पावलं तशीच ठेवली. उजव्या पावलात काड्यापेटी, डाव्यात भाजलेला बोंबील. आल्यागेल्याने विचारलं, "ही कोणाची पावलं?" तर सासूबाई गंभीरपणे सांगायच्या, "घडोबाची. जड देव हाय."

सासूबाई गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नवं घर बांधताना ती चूल काढावी लागली. गवंडी कुदळ घेऊन आला, त्याला भावोजींनी हात लावू दिला नाही. सासूबाई जुनी चूल काढायच्या तसंच त्यांनी तीन दिवस तिच्यावर पाणी शिंपलं, ती आपणहून बसली, मग त्यांनी तिची माती जुन्या बादलीने बावखलात नेऊन सोडली. मी म्हटलं, "भावोजी, तुमचा देव गेला." ते म्हणाले, "वहिनी, मी देव कुठे केला होता? मी आईला दाढी लावली होती, एवढंच." मी मनात म्हटलं, इतके रविवार मी समोर बसून चोऱ्या करत होते आणि मला हे कळू नये?

आता ते थकलेत. खेळ कधीच बंद झाला. पण उन्हाळ्यात मी सुकेळी वाळवते आणि पहिलं सुकेळं त्यांना नेऊन देते. ते आधी ते ताटलीत सरळ करून ठेवतात. मग एक डोळा मिटतात, एक हात आपोआप कमरेवर जातो, नाकातून फुर्र होतं. मी मुकाट उभी असते, लग्नात उभी होते तशीच.

"चालेल," ते म्हणतात.